खाणीत उतरणाऱ्या निरीक्षकाच्या हाती स्वतःचे मीटर द्या

प्रति,
मा. सचिव, श्रम व रोजगार मंत्रालय, भारत सरकार, नवी दिल्ली

प्रत : खाण सुरक्षा महासंचालनालय, धनबाद, संघ लोकसेवा आयोग, नवी दिल्ली

विषय : कोळसा खाणींच्या सुरक्षा निरीक्षकांची भरती, प्रशिक्षण आणि वेतन

महोदय,

सातारा आणि सांगली जिल्ह्यांत कोळशाची एकही खाण नाही. तरीही कोळसा खाणींच्या निरीक्षकांविषयीचे हे पत्र आम्ही इथून लिहीत आहोत, आणि त्याला कारण आहे.

इथल्या बऱ्याच लोकांना वाटते की आपल्या घरातला दिवा कोयनेवर जळतो. कोयनेच्या चारही टप्प्यांची मिळून क्षमता 1,960 मेगावॅट आहे हे खरे. पण पश्चिमेकडे वळवायच्या पाण्याला कृष्णा पाणीवाटप लवादाने वर्षाला 67.5 टीएमसीची मर्यादा घातली आहे, त्यामुळे कोयना मुख्यतः मागणी चढते त्या तासांत चालते. मिरज-कुपवाडच्या कारखान्यांची रात्रपाळी आणि शिवारातले पंप चालतात त्यातला मोठा भार चंद्रपूर, कोराडी, खापरखेड्याची औष्णिक केंद्रे उचलतात. त्या भट्ट्यांत जाणारा कोळसा कोणीतरी जमिनीखालून नाहीतर शेकडो फूट खोल खड्ड्यातून काढलेला असतो.

दुसरे कारण आणखी जवळचे आहे. आमच्याकडच्या काळ्या दगडाच्या खाणी त्याच निरीक्षकांच्या अखत्यारीत येतात. 1952 च्या खाण कायद्याने कलम 3 मध्ये रेघ आखली होती : उघड्या खाणीची खोली कुठेही 6 मीटरपेक्षा जास्त नसेल, एका दिवशी 50 पेक्षा जास्त माणसे कामाला नसतील आणि स्फोटके वापरली जात नसतील, तरच इमारतीच्या आणि रस्त्याच्या दगडाची खाण कायद्याच्या मोठ्या भागातून सुटते. सुरुंगाशिवाय डबर निघत नाही, म्हणजे सुटका नाही. कोळशाकडे निरीक्षक कमी पडले की त्याचा चटका खटाव-माण-जतकडच्या दगडखाणीला आधी बसतो. जो माणूस हाताशी आहे तो वायूच्या (मिथेन निघणाऱ्या कोळशाच्या) खाणीत पाठवला जाणार, आणि ते बरोबरच आहे. गौण खनिजाची गाडी अडवून वाहतूक पास बघणारे रस्त्यावर भेटतात. खाणीचा उभा कडा बघणारा क्वचित येतो.

आमचे म्हणणे एका ओळीत असे : निरीक्षकाला खाण स्वतःच्या डोळ्यांनी आणि स्वतःच्या उपकरणांनी वाचता आली पाहिजे. कंपनीचे मीटर, कंपनीची जीप आणि कंपनीच्या सर्व्हेअरचा नकाशा यांवर जो अवलंबून आहे, त्याची सही कागदावर उमटते, खाणीत तिचा उपयोग नसतो. भरती कशी व्हावी, शिकवावे काय आणि पगार किती, हे तिन्ही प्रश्न इथूनच सुटतात.

खाण वाचणे म्हणजे काय, ते पाण्यापासून सांगतो. 27 डिसेंबर 1975 ला धनबादजवळच्या चासनाला कोळसा खाणीत 375 माणसे गेली. 27 सप्टेंबर 1995 ला गजलीटांडमध्ये 64 आणि 2 फेब्रुवारी 2001 ला बागडिगीत 29. तिन्ही ठिकाणी पाणी घुसले. चासनाला आणि बागडिगीत ते जुन्या, पाण्याने भरलेल्या कामांमधून, म्हणजे पूर्वी खणून सोडलेल्या बोगद्यांमधून आले. जुन्या कामाच्या 60 मीटरच्या आत परवानगीशिवाय जायचे नाही, हा नियम त्यासाठीच आहे. परवानगी मिळाली तरी गॅलरी (कोळशातला बोगदा) 2.4 मीटरपेक्षा रुंद नको आणि उंचही नको; तोंडाच्या, म्हणजे जिथे खणणे चालू आहे त्या भिंतीच्या, मध्यावर पुढचे चाचपायला एक बोअर (भोक) हवा, बाजूंना 5 मीटरपेक्षा जास्त अंतर न ठेवता आणखी बोअर हवेत, आणि हे सगळे बोअर कामाच्या किमान 3 मीटर पुढे हवेत.

चूक होते ती दोन जागी. बंद पडलेल्या खाणीचा नकाशा शेवटचा सर्व्हे झाला त्या दिवसाचा असतो. त्यानंतर कोणी चोरून दोन पिलर (छत तोलायला सोडलेले कोळशाचे खांब) खाल्ले असतील तर ते नकाशात येत नाहीत, आणि नकाशावरची जाड भिंत जागेवर पातळ निघते. दुसरी चूक बोअरची : रजिस्टरमध्ये बोअर पडतो, दगडात पडत नाही. निरीक्षकाने भोकात रॉड घालून, किती रॉड गेले ते मोजून, भोकातून पाणी झिरपते का आणि त्याला दाब आहे का हे हाताने पाहिले, तरच ते कळते. रजिस्टर वाचून कळत नाही. एवढे करायला भोकापर्यंत चालत जावे लागते, कधी 3 किलोमीटर, कधी वाकून.

वायूचेही तसेच आहे. मिथेन हवेत साधारण 5 ते 15 टक्क्यांच्या दरम्यान स्फोटक असतो. नियम त्याच्या खूप अलीकडे थांबवतो : परतीच्या (खाणीतून बाहेर जाणाऱ्या) हवेत 0.75 टक्के, खाणीत कुठेही 1.25 टक्के. पण मिथेन हवेच्या जवळजवळ निम्म्या वजनाचा, तो छताला चिकटून थर धरतो. छातीशी धरलेल्या मीटरवर 0.2 आणि त्याच जागी छताला लावलेल्या प्रोबवर 2 टक्के असे दिसू शकते. जे मीटर उत्प्रेरक सेन्सरवर चालते ते ऑक्सिजन फार कमी असलेल्या जागी मिथेन कमी दाखवते, आणि सिलिकॉनच्या वाफेने त्याचा सेन्सर कायमचा मंदावतो. असे मीटर चालू असते, आकडा दाखवते, पण तो आकडा खोटा असतो. म्हणून रोज उतरण्याआधी माहीत असलेल्या वायूच्या नळकांड्यावर ते तपासायचे असते. खाणीच्याच लॅम्प रूममधून (दिवे आणि मीटर ठेवायच्या खोलीतून) उचललेले मीटर घेऊन खाणीची तपासणी करायची, ही पद्धत आम्हाला मुळातच मान्य नाही.

हवेचा हिशोब सांगतो, कारण इथे फसवणूक सोपी आहे. नियमाने मोठ्या पाळीतल्या दर माणसामागे मिनिटाला 6 घनमीटर किंवा रोजच्या दर टनामागे 2.5 घनमीटर, यातले जे जास्त ते कामाच्या तोंडापर्यंत पोचले पाहिजे. एका डिस्ट्रिक्टमध्ये (खाणीतल्या कामाच्या एका भागात) पाळीला 120 माणसे आणि रोज 500 टन कोळसा धरा. माणसांचे 720, टनांचे 1,250. मग 1,250 हवे. गॅलरी 4.2 मीटर रुंद आणि 2.5 मीटर उंच असेल तर क्षेत्रफळ 10.5 चौरस मीटर. हवेचा वेग सेकंदाला जवळजवळ 2 मीटर हवा. आता हे माप पंख्याजवळ घेतले तर आकडा छान येतो. पण वाटेत स्टॉपिंगमधून (हवा अडवणाऱ्या भिंतींतून) हवा गळते, ब्रॅटिसचे (हवा वळवणाऱ्या पडद्याचे) कापड फाटलेले असते, एखादे दार उघडे टाकलेले असते, आणि शेवटच्या कनेक्शनला (दोन गॅलऱ्या जोडणाऱ्या आडव्या वाटेला) अर्धी हवासुद्धा पोचत नाही. म्हणून आमच्या मते तपासणी परतीच्या वाटेने सुरू करावी. इनटेकने, म्हणजे ताजी हवा येते त्या वाटेने, जाणाऱ्याला सकाळी घासूनपुसून ठेवलेली खाण दिसते.

बंद केलेल्या भागातला कोळसा तापतो आहे की नाही, हे वास येण्याआधी कळायला ग्रॅहमचे गुणोत्तर काढायचे असते : वाढलेला कार्बन मोनॉक्साइड भागिले घटलेला ऑक्सिजन गुणिले 100. हे साधारण 0.5 च्या आत राहते. 1 ओलांडले की आत तापते आहे असे धरायचे, 2-3 ला पोचले की आग. एका नमुन्यावर काही ठरत नाही, आठवड्यामागून आठवडा तो आकडा चढतो आहे का ते पाहायचे. यासाठी निरीक्षकाने मागच्या भेटीचे नमुने घेऊन पुढच्या भेटीला जायला हवे, आणि दर वेळी नवा माणूस पाठवला तर ते जमत नाही. कामगारांच्या सुरक्षेच्या नव्या संहितेत (2020) वेबवरून, सोडतीने तपासणी नेमायची सोय आहे. कारखान्याच्या हजेरीपटासाठी ती ठीक असेल. वायूच्या खाणीसाठी तिला मुरड घालावी.

देशातला 90 टक्क्यांहून जास्त कोळसा आता उघड्या खाणींतून येतो. तिथला शत्रू वेगळा आहे. 29 डिसेंबर 2016 ला झारखंडमधल्या राजमहालच्या खाणीत जमीन घसरून 23 जण दबले. मातीच्या ढिगाचा उतार 37.5 अंशांपेक्षा जास्त नको, 30 मीटरवर पायरी हवी, एकूण उतार 1 उभा ते 1.5 आडव्यापेक्षा तीव्र नको, हे नियमात आहे. पण ढीग ज्या तळावर टाकला तो चिकणमातीचा आणि ओला असेल, तर नियमातला उतार पाळूनही तो सरकतो. भूमिगत कामात केस पांढरे केलेल्या माणसाला हे आपोआप येत नाही. उलट डंपरच्या खाणीत वाढलेल्या माणसाला छत ठोकून पोकळ आवाज ओळखता येत नाही. निरीक्षकाला दोन्ही यायला हवे.

मग असा माणूस आणायचा कुठून? आजवरच्या जाहिरातींत खाण अभियांत्रिकीची पदवी, फर्स्ट क्लास मॅनेजरचे सर्टिफिकेट आणि अनुभव, अशा अटी आहेत. अटी योग्य आहेत, त्या सैल करू नका. अमेरिकेत 1977 च्या कायद्याने निरीक्षकाला खाणीतल्या प्रत्यक्ष कामाचा 5 वर्षांचा अनुभव मागितला आहे, आणि भूमिगत खाणीची पूर्ण तपासणी वर्षातून 4 वेळा, उघड्या खाणीची 2 वेळा सक्तीची केली आहे. आपल्याकडे अडचण पात्रतेची नाही, वेळेची आहे. जाहिरात निघते, छाननी, मुलाखत, वैद्यकीय तपासणी, चारित्र्य पडताळणी. इतक्यात निवडलेल्या माणसाला त्याच्या कंपनीत बढती मिळते आणि तो रुजूच होत नाही. कोण केव्हा निवृत्त होणार हे कार्यालयाला कितीतरी वर्षे आधी माहीत असते. तेव्हा दरवर्षी ठरलेल्या महिन्यात जाहिरात काढा, जागा कमी असल्या तरी. प्रतीक्षा यादी दीड वर्ष जिवंत ठेवा. वैद्यकीय तपासणी मुलाखतीआधी घ्या, नंतर नको. आणि मुलाखतीच्या खोलीत निवड संपवू नका. उमेदवाराला अर्धा दिवस खाणीत न्या, त्याच्या हातात नकाशा आणि मीटर द्या, आणि बाहेर आल्यावर दोन पानांचा अहवाल लिहायला लावा. पाच उमेदवारांपैकी कोण खाण पाहून आला आणि कोण नुसता फिरून आला, हे त्या दोन पानांत उघड होते.

एक बंधन मात्र हवे. उमेदवार बहुतेक कोल इंडियाच्या कंपन्यांतून येणार. ज्या एरियात त्याने नोकरी केली, तिथे पहिली 5 वर्षे त्याला निरीक्षक म्हणून पाठवू नये. ज्यांच्या हाताखाली तो शिकला, त्यांच्याच खाणीला कुलूप लावायची वेळ त्याच्यावर येऊ नये.

पगाराबद्दल आकड्यांतच बोलतो. सातव्या वेतन आयोगाच्या तक्त्यात लेव्हल 10 ची सुरुवात 56,100 आणि लेव्हल 11 ची 67,700 रुपयांना होते. कोल इंडियात नवा अभियंता प्रशिक्षणात अधिकाऱ्यांच्या ई-2 श्रेणीच्या 50,000 वर येतो, प्रशिक्षण संपताच ई-3 च्या 60,000 वर जातो. ई-4 ला 70,000 आणि ई-5 ला 80,000 हा तळाचा मूळ पगार. त्यावर मूळ पगाराच्या 35 टक्क्यांपर्यंत सुविधा-भत्ते, कामगिरीचे वेतन, कॉलनीतले घर, दवाखाना. दोन्हीकडच्या महागाई भत्त्याचे सूत्र निराळे आहे, त्यामुळे आकडे सरळ शेजारी ठेवता येत नाहीत हे आम्हाला माहीत आहे. तरी आठ-दहा वर्षे झालेला, फर्स्ट क्लास मॅनेजरचे सर्टिफिकेट मिळवलेला माणूस, म्हणजे नेमका तुम्हाला हवा तो, सरकारात येताना घर, मुलांची शाळा आणि दरमहाचे काही हजार सोडून येतो. मूळ पगार आणि महागाई भत्ता राखण्याची तरतूद आहे, पण त्या 35 टक्क्यांचे काय, याचे उत्तर तिच्यात नाही.

यावर एक नमुना सरकारकडेच आहे. सरकारी डॉक्टरला खासगी व्यवसाय करता येत नाही म्हणून मूळ पगाराच्या 20 टक्के भत्ता मिळतो. खाण निरीक्षकाला तर 1952 च्या कायद्याच्या कलम 5 नेच बांधले होते : देशातल्या कुठल्याही खाणीत प्रत्यक्ष वा अप्रत्यक्ष हितसंबंध असला तर पद नाही, आणि पदावर असताना तसा संबंध आला तर पद गेले. मग तोच न्याय त्यालाही लावा. 67,700 वर 20 टक्के म्हणजे 13,540 रुपये. त्याखेरीज भूमिगत उतरलेल्या प्रत्येक दिवसाचा वेगळा भत्ता द्या, आणि तो कॅप लॅम्पच्या (खाणीत उतरताना घेतलेल्या टोपीवरच्या दिव्याच्या) नोंदीवरूनच द्या, म्हणजे कार्यालयात बसणाऱ्याला तो मिळणार नाही. मंत्रालयाने आठव्या वेतन आयोगापुढे हे लेखी मांडावे, ही आमची ठोस मागणी.

प्रशिक्षण 18 महिन्यांचे असावे, आणि त्यातला वर्गातला काळ एका दमात नसावा. अमेरिकेत निरीक्षकांसाठी पश्चिम व्हर्जिनियात स्वतंत्र अकादमी आहे. तिथे वर्ग आणि खाण असे आलटूनपालटून शिकवतात. आपल्याकडे धनबादला आयआयटी, केंद्रीय खनन व इंधन संशोधन संस्था आणि महासंचालनालय एकाच गावात आहेत, याहून सोयीचे काय हवे? पहिले 4 महिने वायूच्या भूमिगत खाणीत, त्यातले अर्धे रात्रपाळीत. मग 3 महिने उघड्या खाणीत : उताराचा अभ्यास, हॉल रोड (डंपरचे रस्ते), डंपरचे ब्रेक आणि ड्रायव्हरला न दिसणारी जागा. 1 महिना रेस्क्यू स्टेशनवर, श्वसनयंत्र पाठीला बांधून गरम आणि दमट गॅलरीत घाम गाळत. ज्याने हे केले नाही त्याला बचाव पथकाच्या मर्यादा कधीच कळणार नाहीत. 2 महिने विद्युत आणि यांत्रिक : वायूच्या खाणीतल्या ज्वालारोधक खोक्याचा एक बोल्ट गळालेला असला तरी ते खोके निकामी, हे डोळ्याला दिसायला हवे. 1 महिना कायदा आणि पुरावा : पंचनामा, फोटो, जबाब, नमुन्यावर सील. कित्येक खटले अपघाताच्या जागेचे माप नीट न घेतल्यामुळे पडतात. 1 महिना दगडखाणीत. उरलेले 6 महिने ज्येष्ठ निरीक्षकाबरोबर, आणि शेवटच्या 10 तपासण्यांत पुढाकार शिकाऊचा, ज्येष्ठाने फक्त मागून चालायचे. त्याला सही करण्याचा अधिकार द्यायचा की नाही, ते तिसऱ्याच झोनच्या अधिकाऱ्याने ठरवावे.

ठेकेदाराच्या कामगाराशी बोलायचे कसे, हेही शिकवावे लागते. मॅनेजर शेजारी उभा असताना तो काही सांगणार नाही. कामगाराला बाजूला घ्यायचे, व्होकेशनल ट्रेनिंग कुठे झाले आणि किती दिवस झाले एवढेच विचारायचे. सर्टिफिकेटवरची तारीख आणि त्याचे उत्तर जुळले नाही की पुढचा धागा आपोआप हाती येतो. त्यासाठी त्या भागाची बोली यायला हवी. वणी-चंद्रपूरला मराठी, रामगुंडमला तेलुगू. भाषेच्या परीक्षेला 3 महिन्यांची मुदत द्या.

आणि साधने. प्रत्येक निरीक्षकाच्या नावावर बहुवायू मीटर, प्रोब, अ‍ॅनिमोमीटर, आर्द्रतामापक, लेझर अंतरमापक, सेल्फ रेस्क्यूअर (विषारी हवेतून बाहेर पडायचे छोटे श्वसनयंत्र) आणि त्याची स्वतःची कॅप लॅम्प असावी. कॅलिब्रेशनचे वायू झोनच्या कार्यालयात असावेत. सरकारी गाडी आणि मुक्कामाचा पुरेसा दर असावा, म्हणजे कंपनीच्या गेस्ट हाउसवर उतरण्याची वेळ येणार नाही. तिथे जेवलेल्या माणसाला दुसऱ्या दिवशी काम बंद करण्याचा आदेश लिहिताना जड जाते, हे माणसाच्या स्वभावातच आहे. 1952 च्या कायद्याच्या कलम 22 आणि 22-अ खालच्या, काम थांबवण्याच्या आदेशांनी रोजचे हजारो टन थांबत असत. असा आदेश काढल्यानंतर 2 वर्षांच्या आत त्या निरीक्षकाची बदली करायची असेल तर लेखी कारण द्यावे आणि ते त्याला वाचायला मिळावे, आणि कोर्टात खेचले गेल्यास वकील सरकारने द्यावा.

दगडखाणींच्या त्या एका महिन्याबाबत आमच्याकडून एक गोष्ट देऊ करतो. सातारा-सांगलीतल्या काही खाणमालकांशी आमचे बोलणे आहे. पावसाळ्यात, जून ते सप्टेंबर, कड्याच्या भेगांत पाणी शिरते आणि दगड सुटतो, तेव्हा शिकाऊ निरीक्षकांना पाठवा. उभा कडा टप्प्यांत कसा आणायचा, खालून कोरलेला दगड कसा ओळखायचा, न उडालेल्या सुरुंगाजवळ पुन्हा बोअर का मारायचा नाही, हे आम्ही जागेवर दाखवू. राहण्याजेवणाचा खर्च मात्र सरकारनेच करावा, खाणमालकाने नको.

आपले,
खाणकाम आणि दगडखाण क्षेत्रातील निवृत्त व कार्यरत तंत्रज्ञ,
सांगली, मिरज आणि कऱ्हाड